निजोबाची झोप

रखमाजी धनगराला हळू बोलता येत नसे. त्याने कधी प्रयत्नच केला नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. "जरा हळू" म्हटलं की तो मान खाली घालायचा, खांदे आखडायचा, डोळे बारीक करायचा आणि मग पहिल्याइतकंच मोठ्याने बोलायचा. नवख्या माणसाला वाटावं, हा आता अंगावर धावून येणार, आणि तो बिचारा "ताक घेता का?" एवढंच विचारत असायचा. त्याने बायकोच्या कानात सांगितलेली गोष्ट शेजारच्या डोंगरसोंडेवरची मेंढरंसुद्धा मान वर करून ऐकत. त्याच्या घरात गुपित म्हणून काही टिकत नसे.

त्याची वस्ती भोर संस्थानात, एका डोंगराच्या खांद्यावर होती. मूठभर घरं, मेंढरांचे वाडे आणि खाली पाणी. रखमाजीच्या तरुणपणी तिथे नुसती वेळवंडी नदी होती, धोतर वर धरून ओलांडता येणारी. भाटघरला जुनं धरण होतं, पण त्याचं पाणी इथवर पोचत नसे. मग नवं मोठं धरण झालं आणि पाणी दरीत चढत चढत थेट वस्तीच्या पायथ्याशी येऊन बसलं. भोरच्या बाजाराला जायचं तर आता नाव लागे. नाव सावळ्याची, आणि सावळा राहायचा पलीकडच्या काठाला. त्याला हाका मारमारून वस्तीतल्या माणसांचे घसे बसले. हाक निम्म्या पाण्यात विरून जायची आणि सावळा आपला पलीकडे चिलीम ओढत बसलेला दिसायचा.

तेव्हापासून रखमाजीला भाव आला. काठावरच्या खडकावर उभं राहून, तोंडाभोवती हात धरून तो "सावळा होऽऽ" अशी एक हाक घाली, आणि पलीकडे सावळ्याच्या हातून चिलीम पडे. वस्तीचं लोणी, कोकरं, लेकीबाळी, पाहुणेरावळे, सगळ्यांची वाट रखमाजीच्या गळ्यातून जात होती.

"आरं, म्या काय भैरा हाय व्हय?" नाव काठाला लावता लावता सावळा दर खेपेला कुरकुरायचा.

"हळूच हाक मारली की!" असं रखमाजी सांगायचा, आणि पाण्यावरची बदकं उडायची.

पण डोंगरावर एक जागा अशी होती, जिथे या आवाजाला मज्जाव होता. ती जागा म्हणजे निजोबाचं लेणं.

वस्तीच्या वर, डोंगराच्या माथ्याशी, कातळात कोरलेलं ते देऊळ. कुणी कोरलं, कधी कोरलं, याची वस्तीत कुणाला चिंता नव्हती. आत गेलं की समोर देव. मांडी घालून बसलेला, हात मांडीवर, डोळे मिटलेले. आता धनगरांनी त्याच्याकडे पाहिलं, तर त्यांना दुसरं काय वाटणार? एका खांद्यावरून अंगावर घेतलेलं पांघरूण होतं, ती घोंगडी. बारीक कुरळे केस होते, ते मेंढरांत वाढलेल्या माणसाचे. कानाच्या पाळ्या लांब लोंबलेल्या होत्या, म्हणजे जड बाळ्या घालत असणार. देव धनगरच होता, यात वादच नव्हता. मेंढरं राखता राखता दुपारचा जरा टेकला, डोळा लागला, तो लागलाच. खालच्या उतारावर गोल गोल धोंडे पसरले आहेत ना, ती त्याची मेंढरं. वाट बघून बघून दगड झाली.

म्हणून त्याचं नाव निजोबा, आणि त्याला उठवायचं नाही हा नेम. कारण उठल्यावर तो पहिलं काय विचारणार? माझी मेंढरं कुठं आहेत? मग उत्तर कोण देणार? तेव्हा निजला आहे तोच बरा, असं वस्तीचं मत होतं. तिथे घंटा नव्हती, ढोल नव्हता. बाया पायातली जोडवी फडक्याने बांधून वर जात. खोकला झालेल्याने जायचं नाही. बोकड कापायचा नाही, कारण कापताना तो ओरडणार. सगळ्या मुलखात बोकडांचाही भक्तिभाव असलेला देव बहुधा हा एकच.

रखमाजी तान्हा असताना आईने त्याला देवाच्या पायावर घालायला नेलं होतं. तिथे त्याने असा टाहो फोडला, की कपारीतल्या पाकोळ्या भरारा बाहेर पडल्या आणि देवाची डावी पापणी हलली. ती हललेली बयाबाईने पाहिली. बयाबाई तेव्हा नवी नवरी होती. आता ती वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, आणि लेणं झाडण्याचा मान तिचा. चढावाच्या वळणावर ती काठी आडवी धरून बसे आणि कुणाला सोडायचं, कुणाला नाही, ते ठरवी. तिला कमी ऐकू यायचं. त्यामुळे सगळ्या वस्तीत एका रखमाजीचं बोलणं तेवढं तिच्या कानापर्यंत पोचे, आणि तिची खात्री पटली होती की वस्तीत आवाज करणारा माणूस हा एकटाच आहे.

"तू हितंच ऱ्हा," ती म्हणायची. जन्मभर म्हणत आली होती.

रखमाजी तिथेच राहायचा. त्याचा स्वभाव भांडायचा नव्हता, आणि भांडला असता तर देव उठला असता. पण मनात एक काटा होता, तो काही निघत नव्हता.

लोकर कातरून झाली की दर वर्षी प्रत्येक घरचा माणूस मूठभर लोकर घेऊन वर जायचा, ती निजोबाच्या मांडीवर ठेवायचा आणि हलकेच आपलं नाव सांगायचा. म्हणजे देव झोपेतच त्याला आपल्या कळपात मोजतो, आणि कळपातल्या जनावराची काळजी धन्याला असते. रखमाजीला वर जाता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्याच्या वतीने त्याची बायको आक्काबाई जायची. एका हातात लोकर, दुसऱ्या हातात त्याचा पटका. पटका देवापुढे ठेवायचा आणि नवऱ्याचं नाव सांगायचं.

आणि इथेच तर घोडं पेंड खात होतं. आक्काबाईने नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. कुठली बाई घेते म्हणा! पण लग्नात तरी उखाण्यात घेतात. तेव्हा बायांनी फार आग्रह केला, तर ही पदरात तोंड घालून हसत सुटली, ती थांबेचना. नाव राहूनच गेलं. पुढे सगळा संसार "अवं" वर झाला. मेंढरू हरवलं तरी "अवं", साप निघाला तरी "अवं".

"सांगितलंस का नाव?" ती खाली आली की रखमाजी विचारायचा.

ती मान हलवायची आणि भाकऱ्या थापायला बसायची.

ही मान खरी की खोटी? रखमाजीला काही केल्या उमगत नसे. चार माणसांत जिच्या तोंडून नाव निघालं नाही, ती देवापुढे काय घेणार? नुसतीच लोकर ठेवून येत असेल. म्हणजे इतकी वर्षं देवाच्या मांडीवर एका बेवारस पटक्याची लोकर पडत होती, आणि कळपात रखमाजी नव्हताच. माणूस हसरा होता, पण या एका विचाराने त्याचा चेहरा पडायचा. आयुष्यात एकदा वर जावं, देवाच्या समोर उभं राहावं आणि आपलं नाव आपण सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती.

अशात, लोकर नुकतीच कातरून झाली होती तेव्हा, एका सकाळी सावळ्याच्या नावेतून आनंदराव आले. भोरच्या कचेरीत नोकरीला होते. डोक्यावर टोपी, काखेत छत्री आणि जुन्या लेण्यांचं भारी वेड. रखमाजी त्यांचा डबा घेऊन वळणापर्यंत गेला आणि बयाबाईच्या काठीशी थांबला. आनंदराव एकटे वर गेले. बऱ्याच वेळाने छत्री विसरून, टोपी तिरकी करून, धावतच खाली आले.

"रखमाजी, अहो हे तर बुद्धाचं लेणं!"

"बुधाचं?" रखमाजी म्हणाला. "बुधवारचा द्येव व्हय? आमी तर त्येला रोज हात जोडतो."

"बुध नव्हे हो, बुद्ध! बुद्ध म्हणजे जागा... जागा..." आनंदरावांना धाप लागली होती.

बयाबाईला बाकी काही ऐकू आलं नव्हतं, पण समोरच्याच्या तोंडावरून तिने 'जागा' एवढं बरोबर टिपलं आणि ती काठी टेकून ताडकन उठली. "जागा? खालची आमची कुरणं घेतली धरनाला, आता वरची जागा बी पायजे? ही जागा द्येवाची हाय. न्हाई मिळायची, सांगा जा सरकारला!"

"आजी, ती जागा नव्हे! जागा म्हणजे निजलेला नाही तो. जागा झालेला! बुद्ध या शब्दाचा अर्थच तो. तुमचा देव झोपलेला नाही. डोळे मिटून बसलाय, पण जागा आहे."

रखमाजीने डबा खाली ठेवला. मग तो म्हणाला, "निजोबा जागा हाय?"

त्याने हे फक्त विचारलं होतं. पण वस्तीतल्या प्रत्येक घरात ते पोचलं, आणि पलीकडच्या काठाला सावळ्याने काही निकड असावी असं समजून न बोलावताच नाव सोडली.

वस्ती वळणावर गोळा झाली. आनंदरावांना वाटलं होतं, लोकांना आनंद होईल. लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. निजलेल्या देवापुढे माणूस मोकळेपणाने बोलतो. सुनांनी तिथे सासवांबद्दल सांगितलं होतं आणि सासवांनी सुनांबद्दल. शेजाऱ्याचं कोकरू आपल्या वाड्यात कसं आलं, हे एकाने कुजबुजून मन हलकं केलं होतं. आणि तो सगळं ऐकत होता! एक म्हातारा मेंढरं मोजायला म्हणून हळूच उठला. ती त्याने नुकतीच मोजलेली होती. दोघी जावा एकमेकींकडे बघायचं टाळायला लागल्या.

रखमाजीने आक्काबाईकडे पाहिलं. ती कानापर्यंत लाल झाली होती, आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. म्हणजे हिने नाव सांगितलंच नाही, म्हणून ही भ्याली.

"मग त्यो मेंढरं का मागंना?" बयाबाईने विचारलं. "जागा हाय तर मागंल की."

"त्यांना काही नको असतं, आजी. त्यांनी सगळं सोडलं होतं. राज्यसुद्धा सोडलं."

हे रखमाजीने बयाबाईच्या कानात पुन्हा सांगितलं, तेव्हा तिला कळलं. तिने बराच विचार केला. "राज्य सोडंल कुनी बी. मेंढरं सोडायची म्हंजे लई झालं." पण तिच्या आवाजात निजोबाबद्दल आता निराळाच मान होता.

"बयाआजी," रखमाजी म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज मोठा असूनही थरथरत होता, "द्येव जागा हाय तर मला का आडवता? उठलेल्याला म्या काय उठवनार?"

सगळे बयाबाईकडे बघत राहिले. ती काठीवर हनुवटी ठेवून पुटपुटली, मग उठून खाली घरी गेली आणि गुळाचा एक मोठा खडा घेऊन आली. "ह्यो तोंडात धर. जागा असला म्हनून काय झालं, इचार करत बसलेल्या मान्साच्या कानात वरडत्यात का? गूळ इरघळायच्या आत दर्सन घिऊन खाली ये. तोंड उघडायचं न्हाई."

आता आली का पंचाईत! वर जायचं ते नाव सांगायला, आणि तोंडात गुळाचा बोळा. पण इतक्या वर्षांनी काठी बाजूला झाली होती. रखमाजीने खडा गालात धरला, डोक्याचा पटका काढून काखेत घेतला आणि चढायला लागला. मागून सगळी वस्ती मान वर करून बघत होती, आणि आनंदराव मुकाट्याने आपली छत्री आठवत होते.

वर पोचल्यावर त्याने आधी गूळ कडाकडा चावून गिळला. बयाबाई त्यात खोट काढेल याची त्याला कल्पना होती, पण देव काढणार नाही अशी आशा होती. मग तो आत गेला.

आक्काबाईने त्याला देव पुष्कळदा सांगितला होता: कुरळे केस, घोंगडी, लांब कान. पण तो हसतो, हे तिने सांगितलं नव्हतं. ओठांच्या कोपऱ्यात अगदी थोडं, कुणाचं तरी गुपित माहीत असल्यासारखं. समोर दारातून सगळं धरण दिसत होतं, आणि त्या एवढ्या पाण्यावर सावळ्याची न बोलावलेली नाव. खाली वस्तीतली माणसं बोलत असणार, पण इथे काही ऐकू येत नव्हतं. रखमाजीने इतकी शांतता कधी ऐकलीच नव्हती. जिथे शांतता असे, तिथे तो बोलत असे.

त्याने तोंड उघडलं. 'म्या रखमाजी' एवढंच म्हणायचं होतं. आवाज फुटेना. भीती नव्हती. इथे आपण काही बोललो, तर हे सगळं सांडून जाईल असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले. थोडा दम घ्यावा, मग सांगू, म्हणून तो भिंतीला टेकून बसला. कातळ गार होता. चढून आलेले पाय जड झाले होते. आणि निजोबाच्या समोर, कळत्या वयात पहिल्यांदा दर्शनाला आलेला रखमाजी डाराडूर झोपला.

गूळ कधीचाच विरघळला असणार, तरी गडी खाली येईना, तेव्हा आक्काबाई वर आली. बांगड्यांच्या आवाजाने रखमाजीला जाग आली. देवाच्या दारात झोपलो म्हणून आता बोलणी बसणार, हे ओळखून त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. वर थोडंसं घोरूनही दाखवलं.

आक्काबाई त्याच्यापाशी आली. त्याच्या काखेतून पटका हळूच सोडवून घेतला आणि देवापुढे ठेवला. येताना कनवटीला खोचलेली मूठभर लोकर काढून देवाच्या मांडीवर ठेवली.

"द्येवा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तू जागा हायेस आसं म्हंत्यात. मला लई लाज वाटती. दर साली तुझ्याम्होरं मालकाचं नाव घ्येती, तू निजलायस आसं धरून. एकदा सांगायचं, तर मी धा धा येळा सांगती. घरात घ्याया मिळत न्हाई, मंग हितंच पोटभर घ्येती." तिने वळून भिंतीकडे पाहिलं. "आज त्येच आल्यात. दमून निजल्यात. निजू दे. म्याच सांगती. रखमाजी."

रखमाजीचं घोरणं बंद पडलं. पण तिच्या ते ध्यानात आलं नाही.

"रखमाजी," ती पुन्हा म्हणाली, आणि त्यात ती जरा हसली. "माजा रखमाजी."

त्याने डोळे उघडले नाहीत. इतक्या वर्षांत देवाने का उघडले नसतील, हे त्याला त्या क्षणी नीट समजलं. उघडले असते, तर कोण काय सांगणार होतं? तो कळपात होता. पहिल्या वर्षापासून होता, आणि एकदा नव्हे, दहा दहा वेळा मोजला गेला होता.

तिने खांदा हलवून उठवल्यावर तो उठला. उठायला त्याने बराच वेळ लावला. पटका उचलून दोघं खाली उतरली. वळणावर बयाबाईने काठी वर केली. "सांगितलंस नाव?"

"सांगितलं," रखमाजी म्हणाला.

"आं?" बयाबाईने कानामागे हात धरला. "काय म्हनलास?"

"सांगितलं, आजी."

"आगं बया! ह्येचा आवाज कुठं गेला?" म्हातारी घाबरली. "द्येवानं काढून घ्येतला जनू! आता नाव कोन बोलवायचं?"

वस्तीला एकदम घोर लागला. तेवढ्यात आनंदराव वर जाऊन आपली छत्री घेऊनही आले. उन्हं कलली होती आणि त्यांना भोरला पोचायचं होतं. न बोलावता आलेली नाव वाट बघून कंटाळून पलीकडे परत गेली होती. सगळी माणसं रखमाजीला घेऊन काठावर आली. त्याच्या गळ्यात काही उरलं आहे का, ते प्रत्येकालाच बघायचं होतं.

"अवं," आक्काबाई काळजीने म्हणाली, "मारून तर बगा हाक."

रखमाजी खडकावर चढला. त्याने डोक्याला पटका नीट बांधला, छाती भरून घेतली, तोंडाभोवती हात धरले आणि समोरच्या सगळ्या पाण्याला, डोंगरांना आणि वरच्या लेण्याला ऐकू जाईल अशी हाक घातली.

"आक्काबाई होऽऽऽ!"

बदकं उडाली. वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. पलीकडे सावळ्याने चिलीम टाकली आणि इकडे तिकडे बघितलं. आपलं नाव बदललं की काय, ते त्याला कळेना, पण आवाज ओळखीचा होता म्हणून त्याने नाव सोडली. बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आनंदराव छत्री उघडून तिच्यामागे हसले.

आक्काबाईचा आधी जीव भांड्यात पडला, मग ती लाल झाली, आणि मग अचानक तिच्या सगळं ध्यानात आलं. ती कमरेवर हात ठेवून खडकाखाली उभी राहिली.

"अवं," ती म्हणाली, "म्हंजे तुमी जागं व्हता!"